लाचीवेच्या टेकडीवरून

वाहाका शहर,
९ फेब्रुवारी

दादा,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तूही असशील. हे पत्र हिलारिया मावशीच्या खोक्यात, मक्याच्या मोठ्या रोट्यांच्या खाली ठेवलं आहे. तिची पार्सलची गाडी दर महिन्याला सीमेपलीकडे फ्रेस्नोपर्यंत जाते आणि तुझा पत्ता तिच्याकडे आहे. मी तो मागितला नव्हता, तिनेच आपणहून सांगितला. फोन नंबर तू बदललास आणि नवा तिलाही दिला नाहीस, हेही सांगितलं. ठीक आहे.

आईने मोलेचा मसाला आणि लसणावर परतलेले नाकतोडे भरले आहेत. "त्याला लिही, ह्या वेळी मिरची बेताची आहे," असं ती म्हणाली. बेताची नाही. मी चाखून बघितली आहे.

माझं सांगायचं तर मी इथे दिवसा एका दुकानात संगणक दुरुस्त करते आणि संध्याकाळी नेटवर्कच्या वर्गाला जाते. मे महिन्यात पहिल्या पातळीची परीक्षा आहे. प्रमाणपत्र मिळालं तर केरेतारोच्या एका कंपनीत जागा मिळू शकते. शिकवणाऱ्या बाईंचं नाव प्रुदेन्सिया. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "राउटरला काय माहीत असतं?" मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सगळं."

"सगळं तुझ्या सासूला माहीत असतं," बाई म्हणाल्या. "राउटरला फक्त पुढचं दार माहीत असतं."

हे खरं आहे. लोकांना वाटतं, राउटरकडे पूर्ण नकाशा असतो. तसं नाही. नेटवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो, राउटरकडे ओळींचा एक तक्ता असतो. ह्या पत्त्याचं असेल तर ह्या शेजाऱ्याच्या हातात दे, त्या पत्त्याचं असेल तर त्याच्या. पुढे काय झालं, ह्याची चौकशी तो करत नाही. दोन ओळी जुळल्या तर जास्त नेमकी असेल ती जिंकते. 'वाहाका राज्य' आणि 'यातुनी गाव, पाण्याच्या टाकीजवळचं घर' ह्यांत दुसरी. कुठलीच जुळली नाही तर तळाला एक ओळ असते, उरलेलं सगळं अमुक दाराने बाहेर. तीही नसेल तर पाकीट टाकून दिलं जातं. ह्यात कोणाचा कोणावर राग नसतो. मला हा विषय त्यामुळेच आवडतो.

आता गावचं. डिसेंबरच्या सभेत उत्तरेला गेलेल्यांचा विषय निघाला. ज्यांनी सभेने नेमून दिलेली गावाची बिनपगारी सेवा एकदाही केलेली नाही त्यांची नावं गावातून कमी करायची, असं ठरलं. नाव गेलं की घराची जागा, पाणी, रानातलं लाकूड आणि दफनभूमीतली जागा, सगळ्यावरचा हक्क जातो. तुला तोपिल नेमलं होतं आणि पहाऱ्याची काठी हातात घ्यायच्या आधीच तू निघून गेलास. त्यामुळे तुझं नाव त्यांत आहे. ऑगस्टच्या जत्रेनंतर जी सभा होईल ती शेवटची मुदत. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने सभेपुढे म्हणावं. येणं जमत नसेल तर नेटवरून म्हणावं, पण स्वतःच्या तोंडाने.

अडचण एवढीच की गावात नेट नाही. रानाच्या हद्दीवरून शेजारच्या लाचीवेशी भांडण झालं तेव्हा त्यांनी आपली जोडणी तोडली, आणि त्यांच्या टेकडीशिवाय आपल्याला बाहेर जायला वाट नाही. आता कोर्टात समझोता झाला आहे. टेकडी वापरायला ते तयार आहेत. म्हणून सभेने ह्या वर्षासाठी नेटवर्कची सेवा नेमली, आणि त्या जागी मला. ह्या कामावर ह्याआधी बाई नव्हती. परीक्षेपर्यंत शनिवार-रविवारी जाईन, मग वर्षअखेरपर्यंत तिथेच.

मी हो म्हटलं. का, ते लिहिण्यासारखं नाही.



नेरेइदा


यातुनी,
१८ जून

दादा,

खोकं पोचल्याचं मावशीने सांगितलं. तू सही करून घेतलंस, "बरं" म्हणालास आणि दार लावलंस. मावशी एवढ्यावर थांबणारी नाही. म्हणाली, "अगं, पोटाचा घेर सुटलाय त्याच्या. पण रोट्यांचा वास घेताना असं तोंड केलं ना, मी गाडीचं टायर बघत राहिले." आई म्हणाली, "टायर कशाला बघायचे? तोंड बघायचं!" आणि तिला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावलं.

परीक्षा पास झाले.

जत्रेच्या आधी जोडणी सुरू व्हायला हवी होती म्हणून आल्या आल्या ते काम घेतलं. आपल्या टेकडीवर खांबासाठी खड्डा खणायचा होता. गावकाम, प्रत्येक नावामागे एक माणूस. आई सकाळी आपल्या घराच्या नावाने आली. दुपारी बाकीच्या बायका परतल्या, ती थांबली. मुकादम म्हणाला, "फिदेन्सिया, झाली की तुझी पाळी." ती म्हणाली, "ही गाउदेन्सिओची," आणि पहार उचलली. कोणी हसलं नाही. दर गावकामाला ती तुझ्या नावाची पाळीही करते, असं मला त्या दिवशी कळलं. तू गेल्यापासून करते.

खांब उभा राहिला. अँटेना लाचीवेच्या टेकडीकडे लावली. मी ओळी घातल्या आणि तपासायला एक पाकीट पलीकडे पाठवलं. ते पोचलं की पलीकडून उत्तर येतं. आलं नाही. मी म्हटलं, अँटेना हललेली दिसते. माणसं उन्हात पुन्हा वर चढली, तिला केसभर इकडे, केसभर तिकडे करून खाली आली. उत्तर नाही. पंचायतीच्या ओसरीवर अर्धं गाव बसलेलं होतं.

सरपंच वेन्सेस्लाओ काकांनी विचारलं, "काय इंजिनिअरबाई, तुमचं पाकीट गेलं का?"

"गेलं."

"पोचलं?"

"बहुतेक पोचलं."

"मग परत काही येत का नाही?"

"बघते."

"म्हणजे आमच्या पोरांसारखंच की!" काका म्हणाले. ओसरी खदखदली. त्यांचे दोघे शिकागोत आहेत, तेव्हा त्यांना हे म्हणायचा हक्क आहे.

चूक अँटेनाची नव्हती, माझी होती. पाकीट जायची वाट मी लिहिली होती. ते लाचीवेच्या राउटरपर्यंत नीट जात होतं. पण त्या राउटरच्या तक्त्यात आपल्या गावाची ओळच नव्हती. भांडण झालं तेव्हा त्यांनी ती पुसली होती. त्यामुळे तो उत्तर तयार करायचा, यातुनी कुठे हे त्याला माहीत नसायचं, आणि तळाच्या ओळीप्रमाणे ते शहराच्या दिशेने फेकून द्यायचा. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. पण वर्गात दोन्ही राउटर माझ्याच पडद्यावर असतात. इकडची ओळ लिहिली की मी तिकडचीही लिहिते आणि घरी जाते. इथे तिकडची ओळ तिकडच्या माणसाने लिहायची होती, आणि तिकडच्या माणसाशी आपल्या गावातलं कोणी बोलत नव्हतं. समझोता झाला तो वकिलांमध्ये.

आईला सांगितलं तर तिने मेझ्कल दारूची बाटली आणि पिवळे पाव फडक्यात बांधून दिले. "कोणाच्या दारात काही मागायला जातेस, रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

लाचीवेचं नेट अब्दियास नावाचा माणूस बघतो. त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान घरातच आहे. दार त्याच्या आईने उघडलं. माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघितलं, मग मला आपादमस्तक बघितलं.

"पाव आणि मेझ्कल? मागणी घालायला आलीस की काय? यातुनीत आता मुली मुलाला मागायला येतात?"

"नाही. एक ओळ लिहून हवी आहे."

"ओळ! अब्दियास, ए, बाहेर ये. ही तुला पत्र लिहायला सांगतेय."

तो बाहेर आला, हात ग्रीझने भरलेले. मी काय हवं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "एवढीशी ओळ," तो म्हणाला, "त्यासाठी एवढा डोंगर उतरून चढून आलीस? निरोप पाठवायचास."

"कोणाबरोबर?"

  त्याच्या आईने खुर्ची पुढे केली.

त्याने हात पुसून ओळ लिहिली. एका श्वासात संपली. मी त्याच्याच दुकानातून यातुनीला पाकीट पाठवून बघितलं आणि उत्तर आलं. अब्दियास म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्हीच आमची ओळ पुसली असेल."

आम्ही पुसली नव्हती. वाद नको म्हणून मी ते बोलले नाही.

तुझी खोली मी सध्या सामानासाठी वापरते. यंत्रं, तारा, बॅटऱ्या. खाट हलवलेली नाही.

नेरेइदा


यातुनी,
२ ऑगस्ट

दादा,

हे खोकं ह्या महिन्यात लवकर निघतं आहे. मावशीला मी तशी विनंती केली. त्यात खाण्याचं फारसं नाही. आईला माहीत नाही की त्याच्यात पत्र आहे, म्हणून ह्या वेळी तिचा निरोप नाही.

जे आधी लिहायला हवं होतं ते आता लिहिते. बाहेर असलेल्याच्या जागी त्याच्या घरातलं माणूस सेवा करू शकतं, असा सभेचा नियम आहे. मी ह्या वर्षाची सेवा स्वीकारली तेव्हा वेन्सेस्लाओ काकांना सांगितलं होतं की ती तुझ्या नावावर धरावी. ते म्हणाले, धरता येईल, पण ज्याची सेवा आहे त्याने सभेपुढे तशी मागणी केली पाहिजे. दुसऱ्या कोणी केलेली चालत नाही. आईने केलेलीही नाही. तिने विचारून बघितलं आहे.

काल ते पुन्हा घरी आले होते.

"पोरी, नीट समजून घे," ते म्हणाले. "हे वर्ष त्याच्या नावावर गेलं तर तुझी पाळी तशीच उभी राहते. पुढे बोलावलं की केरेतारोची नोकरी सोडून यावं लागेल."

"माहीत आहे."

"आणि तो बोललाच नाही तर?"

"तर हे वर्ष माझं धरा. त्याचं नाव काढा."

"म्हणजे तो बोलला नाही तरी तू हरत नाहीस!"

"नाही."

ते कॉफी पीत राहिले. कप खाली ठेवून म्हणाले, "मग तुझं तोंड असं का?"

मी म्हटलं, झोप झालेली नाही.

केरेतारोच्या कंपनीने जानेवारीपर्यंत जागा ठेवली आहे. मी जाणार आहे. हे तुझ्यावर अवलंबून नाही, आणि अवलंबून आहे असं मी तुला वाटू देणार नाही. जे अवलंबून आहे ते एवढंच, की तुझं घर कुठलं ह्याचं उत्तर ह्या गावाकडे राहील की नाही.

सभा १७ तारखेला, रविवारी, सकाळी अकराला आहे. तुझ्याकडे तेव्हा दहा वाजलेले असतील. रविवारी तुला सुट्टी असते, असं मावशी सांगते. जोडणीचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून ह्याच पाकिटात घातला आहे. फोनवरून चालेल. म्हणायचं वाक्य एकच आहे: माझ्या जागी माझ्या बहिणीने केलेली सेवा माझी धरावी. त्याच्या पुढे-मागे काही नाही. तू का गेलास, हे तुला कोणी विचारणार नाही. विचारलं तर मी आवाज बंद करेन, तेवढं माझ्या हातात आहे. माफी मागायची नाही. तसा नियम नाही.

तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी ते समजू शकते, म्हणजे कागदावर समजू शकते.

बसायची व्यवस्था सांगून ठेवते. पुरुष पुढे, बायका मागे, आई खांबाजवळ. मी सगळ्यांच्या पुढे, यंत्रापाशी, कानाला हेडफोन लावून. तुझा आवाज आला तर तो आधी मला ऐकू येईल, मग मी तो कर्ण्यावर सोडेन. नाही आला तर तेही आधी मलाच कळेल. सरपंच तुझं नाव पुकारतील, थोडा वेळ थांबतील. त्यानंतर मागे वळून आईकडे बघायचं काम माझं आहे. ते मला जमेल असं वाटत नाही.

गाउदेन्सिओ रुइस ह्याच्या जागी सेवेत असलेली,
नेरेइदा