मामांसाठी विशेषण

४ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या बाईंनी, म्हणजे संपादकबाईंनी, केबिनमध्ये बोलावलं. मामांवरचा मृत्युलेख तयार ठेवा म्हणाल्या — इंग्रजीत, शक्यतो याच आठवड्यात. अहो, मामा अजून आहेत! इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, चांगले शुद्धीवर. पण आमच्यासारख्या इंग्रजी वर्तमानपत्राची ही रीतच. माणूस हयात असताना लिहून ठेवायचं आणि वाट बघायची. आमच्या ऑफिसात ही शिस्त मुख्य उपसंपादकांनीच लावली. म्हणजे मामांनीच; सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणतं. मला बातमी लिहायला शिकवली तीही त्यांनीच.

बाईंची सूचना एकच — त्यांचा तो मोकळेपणा लेखात आला पाहिजे. आला पाहिजे! जसा काही पार्सलने येतो.

५, मंगळवार

दिवसभर इंग्रजी शब्द चाचपतोय. टेबलावर मांडी घालून बसणारा, मालकांच्या डब्यातलं न विचारता उचलणारा, शिपाई असो की मंत्री, "काय रे, जेवलास का?" एवढंच विचारणारा माणूस. त्याला काय म्हणावं?

कॅज्युअल — आमच्याकडे ही रजा असते.

होमली — लग्नाच्या जाहिरातीतली मुलगी. खुद्द इंग्रजीत म्हणे दिसायला बेताची. मामांना दोन्ही चालेल.

लेड बॅक — पाठ टेकून बसलेले मामा कुणी पाहिलेत?

ईझीगोइंग — जाणाऱ्याबद्दल लिहायला छाती हवी.

डाउन टु अर्थ — नको. आत्ता तरी नको.

वडिलांनी लहानपणी संस्कृत कोश घोकून घेतला. कमळाला डझनावारी शब्द. साध्या माणसाला? निराडंबर. हा शब्दच केवढा नटून आलाय! मग उरतो अनौपचारिक. डॉक्टरांनी उपचार थांबवलेत. त्या अर्थी मामा कालपासून पुरते अनौपचारिक.

यावर स्वतःच हसलो आणि मग बसवेना. घरी आलो.

७, गुरुवार

इस्पितळात गेलो. डोळे उघडतात न उघडतात तोच — "माझं लिहायला घेतलंस ना? तोंडावर दिसतंय."

खोटं कशाला बोलू? जागा किती मिळाली विचारलं. सहाशे शब्द, म्हटलं. "जाहिरात आली की चारशे होतील. शेवटच्या परिच्छेदात महत्त्वाचं काही ठेवू नकोस, गधड्या." मग नर्सबाईंची टिंगल. त्यांना ठाणेदारीण म्हणतात, तोंडावर. त्याही हसतात.

बाहेरच्या बाकावरून मामी पाणी घेऊन आत आल्या. मामा वाक्याच्या मध्येच थांबले. चादर सारखी केली. "आभारी आहे," म्हणाले. मला वाटलं, दमले.

९, शनिवार

मामांचाच दंडक — घरच्या एका माणसाने वाचल्याशिवाय मृत्युलेख पक्का धरायचा नाही. शेवटी अनप्रिटेन्शसवर तडजोड करून मामींकडे गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात पहिल्यांदा पाऊल. खुर्च्या भिंतीला लागून, कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

मामींनी सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं. दोन-तीन शब्दांवर बोट ठेवून अर्थ विचारले. साधा, मोकळा, माणसांत रमणारा, असं काहीबाही सांगितलं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"भाऊजी, हे कोण?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

घरी मामा शर्टाचं वरचं बटणही काढत नाहीत. चहा हवा असला तर "मिळू शकेल का" म्हणून विचारतात. जेवताना बोलणं नाही. तंटा तर कधीच नाही — भांडायलासुद्धा ओळख लागते हो, म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी स्वतःची समजूत घातली होती की माणूसच अबोल, कुढून उपयोग नाही. त्रास देत नव्हते, टाकून बोलत नव्हते. मग तक्रार तरी कसली करायची?

"तुमच्याकडे एवढं सगळं सांडत होते होय?"

काही खोडू का, मी विचारलं.

"राहू दे. परक्या माणसाचं वाटलं तरी चांगलं आहे."

१०, रविवार

कुठे गेलो नाही. कुणाशी बोललो नाही. हिने विचारलं, बरं नाही का. हिला काय सांगू?

११, सोमवार

मामींचा ऑफिसात फोन. रोज येत जा म्हणाल्या. "तुम्ही आलात की ते बोलतात. मी पडद्यामागे बसेन. मी आहे हे सांगू नका. आता फार दिवस नाहीत, थोडं ऐकू दे."

बातमीदाराला चोरून ऐकायची सवय असते, ऐकवायची नाही. तरी गेलो. मामांना दम लागत होता, पण मालक मीटिंगमध्ये घोरले तो किस्सा पुरा केला, घोरण्यासकट. पडद्याखाली मामींच्या चपला दिसत होत्या. मी मुद्दाम त्या बाजूला बघितलं नाही.

१३, बुधवार

आज मामांना बोलताच येईना. नुसते बघत होते. म्हणून मीच सुरू केलं — त्यांचेच किस्से, त्यांच्याच ढंगात, त्यांच्याच शिव्या घालून. छापखान्यातल्या उंदराचा किस्सा निघाला आणि पडद्यामागे मामी हसल्या. मोठ्याने, मोकळ्या. मला चेव आला. एकामागून एक सांगत सुटलो. त्या हसत होत्या.

मामा कुठल्या किश्श्याला गेले, ते आम्हां दोघांनाही कळलं नाही.