घर, वजा काकू

चिरंजीव देवीदास,

वलगावहून तुझ्या ताईचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा हाये? माझ्या भावजयीचा, हर्षाचा, खोकला गेला का? मी इकडं ठणठणीत हाये, आन् नेमकं तेच काही लोकाइले खुपून राह्यलं. फोनवरच सांगतलं असतं, पण मी जरा आवाज चढवला की तुझ्या फोनची रेंज जाते, म्हणून कागदावर लिहून राहिली.

तुले माहीतच हाये, तुझ्या भाऊजींनी मृत्युपत्रात हे घर पुतण्याच्या, विपुलच्या, नावावर केलं आन् खाली लिहिलं, की माझ्या बायकोले हयातभर इथं राहाचा हक्क. आमाले लेकरू नाही, विपुल माझ्या हातचं जेवून मोठा झाला, तं माझी तक्रार नव्हती. गेल्या मंगळवारी तो एका पोट्ट्याले घेऊन आला. अंकुर नाव. बँकेकडून घराची किंमत काढाले आला म्हणे. विपुलले ट्रॅक्टरच्या सुट्या भागाचं दुकान टाकाचं हाये, त्याच्यासाठी घर गहाण ठेवाचं. (मले कोणी इचारलं नाही. मी अंगणात मिरच्या वाळू घालून राहिली होती.)

म्या चहा ठेवला. पोट्ट्यानं लाल उजेडाचं यंत्र भिंतीवर मारून खोल्या मोजल्या, न्हाणी मोजली, तुळशीचा ओटाही सोडला नाही. मंग खुर्चीत बसून चहात बिस्कीट बुडवत मले इचारते, "आजी, वय काय तुमचं? बीपी, शुगर काही?" मले वाटलं, किती मायाळू पोरगा! म्या कवतिकानं सांगतलं, बावा, काहीच नाही, दात बी माझेच हायेत. तं त्याचं तोंड पडलं. विपुलकडं पाहून म्हणे, "मंग किंमत कमी येईल."

देवीदास, माझं डोकंच फिरलं! त्यानं समजावलं, की पूर्ण मालकीच्या रिकाम्या घराची किंमत वेगळी, आन् ज्याच्यात कोणाचा राहाचा हक्क हाये त्याची वेगळी. म्हातारं माणूस जितकं जगणार, तितकी घराची किंमत उतरते. म्हणजे मी खोकलली की भाव चढते, आन् मी भाकर पचवली की पडते! वरतून त्याच्या कागदावर मी कोण, तं बोजा. ज्या बाईनं या घराच्या पायव्याले डोक्यावर पाणी वाह्यलं, ते बोजा! म्या म्हटलं, लिही रे, माझी आई नव्वदी ओलांडून गेली आन् आजी तं मराचंच विसरली होती. (आई सत्तरीत गेली हे तुले माहीत हाये, त्याले नाही.) त्यानं लिहिलं. विपुलनं कपाळावर हात मारला.

एवढ्यात आरडाओरडा ऐकून बाजूचा शालिकराम आला. (भिंतीच्या भांडणापासून आमची बोलचाल बंद हाये.) त्यानं इचारलं काय चाललं, आन् लगेच सांगतलं, की या अंगणातून त्याच्या बैलबंडीची वाट हाये, त्याच्या आज्यापासून, ते बी लिहा. किंमत आणखी उतरली. मले इतका आनंद झाला, की म्या त्याले चहा पाजला, आलं टाकून.

मंग विपुल गोड झाला. "काकू, हक्क सोडल्याची एक सही करा, आन् अमरावतीले आमच्यापाशी या." आमच्यापाशी म्हणजे कुठं, ते मले ठाऊक हाये. दिवाळीत प्रणालीनं, त्याच्या बायकोनं, माझी खाट गॅलरीत टाकली होती, धुण्याच्या मशीनले लागून. मशीन फिरली की मी बी थरथरे. म्या विपुलकडं पाह्यलंच नाही. अंकुरले इचारलं, "आन् माझ्या हक्काची काही किंमत निघते का?"

तो म्हणे, "निघते ना आजी. मालकी त्याची, राहणं तुमचं, वाट यांची. परत्येकाचं मोल वेगळं." आन् त्यानं माझ्यावाला आकडा सांगतला. मी पदर सावरून बसली. आजवर या घरात मले कोणी सांगतलं नव्हतं, की तुझं बी काही हाये.

सही म्या केली नाही. विपुल चहा तसाच टाकून गेला. बँक आता कमी कर्ज देऊन राहिली, त्यातही माझी संमती पाहिजे म्हणते. विपुल मेला रोज सकाळी फोन करून इचारते, "काकू, तब्येत कशी?" कोणत्या आशेनं इचारते, तेच समजत नाही. मी म्हणतो, उत्तम!

जिवाले जप.

तुझी ताई,
लीला

ता. क. बाबाच्या अकोल्याच्या घराचे हक्कसोडीचे कागद तू सहीसाठी पाठवले, ते पोचले. सही केली नाही. त्या घरात माझा अर्धा हिस्सा निघते म्हणे. येत्या रविवारी बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं अंकुरले घेऊन येतो. घरीच राहजो.

आणखी एक. हे पत्र हर्षाले वाचून दाखवू नको. तिच्या बी माहेरी घर हाये, आन् भाऊ एकच.