परतीचा डबा

सोंगनाम, मंगळवार, १२ नोव्हेंबर, सकाळी ६.४०. कुकरमध्ये भात शिजतो आहे आणि मी तुझा डबा पुसतो आहे.

ती. सनओकताईस,
गनहोचा सा. न. वि. वि.

परतलेली सुकट पोचली आणि संपलीही. डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून संत्री ठेवली आहेत.

इथे मात्र वाईट झालं. आमच्या गेम-कंपनीत चित्रकार आपलं काम जुन्या भांडारात ठेवतात, प्रोग्रामर गिट नावाच्या नव्या भांडारात. एकीकडचा बदल दुसरीकडे पोचवणारा प्रोग्राम माझा. ओळ संपल्याची खूण दोन्हीकडे वेगळी, म्हणून तिकडून आलेला बदलही प्रत्येक भांडाराला नवाच वाटतो आणि प्रोग्राम तो परत तिकडे पाठवतो. शनिवारी चित्रकार होंगबाईंनी गेममधल्या एका कोल्ह्याचा वेग जरासा वाढवला. तेवढा बदल सोमवारपर्यंत इकडून तिकडे फिरत राहिला आणि सगळ्यांचं काम अडलं. आमचे वरिष्ठ प्योसाहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत जमव, नाहीतर कॉलेज पुरं केलेला माणूस आणतो. तुझ्या पैशावर शिकलो, तेही अर्धंच. आशीर्वाद असू दे.

तुझा गनहो

थोंगयंग, बुधवार, १३ नोव्हेंबर

चि. गनहो यास,
अ. उ. आ.

तुझा कोल्हा मला कळला नाही, पण त्याचं दुखणं ओळखीचं आहे. आई आणि खालच्या मजल्यावरच्या आजी आठवतात? आईने तांदळाच्या वड्या दिल्या, वाडग्यातून नाशपती आली. नाशपतीला उत्तर म्हणून आईने किमची दिली. जिना चढून-उतरून दोघी दमल्या, पण थांबणार कोण? शेवटी आजींनीच वाडगं धरून सांगितलं, अगं बये, हे तुझ्याच वाडग्याचं उत्तर आहे, उत्तराला उत्तर देऊ नकोस. तुझ्या बदलांना असं सांगणारं कुणी नाही का रे?

आणि संत्री कशाला? मी बाजारात बसते, मला भाव कळत नाहीत होय? वेळेवर जेवत जा. सुकट पाठवते आहे. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझी ताई

सोंगनाम, शनिवार, १६ नोव्हेंबर, सकाळी ७.०५. डबा धुऊन उपडा घातला आहे.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आता माझा प्रोग्राम प्रत्येक बदलावर तो मुळात कुठला, याचा शिक्का मारतो. जिथून आला, तिथे परत पाठवत नाही. काल होंगबाईंनी दिवसभर कोल्हा पळवून पाहिला. बदल एकदाच गेला आणि तिथेच राहिला. प्योसाहेबांनी विचारलं, हे कुठे शिकलास? मी म्हटलं, आमच्या जिन्यात. ते म्हणाले, मग सोमवारीही जिन्यानेच ये, लिफ्ट बंद आहे.

ताई, तू पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीपोटी काहीतरी परत केल्याशिवाय मला झोप लागत नसे. आज या चिठ्ठीखेरीज डबा रिकामा आहे. झाकण उघडून रागावू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझा गनहो

खर्च : पार्सल, चार हजार वोन.
देणं : तुझं, सगळंच. ते फेडत नाही.