जम्बूची चिठ्ठी

शनिवार पेठ, पुणे
४ जून २०२४

चि. शेफालीस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तक एकदाचं छापखान्यात गेलं बरं का! संस्कृतातली फळझाडांची नावं कुठल्या कुठल्या देशांत जाऊन राहिली, हे जमवण्यात तीस वर्षं गेली. नियम तुला पाठ आहेच. छापील पुस्तकातून उचललेलं चालणार नाही. आपल्या माणसाने बाजारात स्वतःच्या कानांनी ऐकायचं आणि चिठ्ठी लिहून टपालाने पाठवायची. तुझी काकू ती वहीत उतरवते.

'जम्बू'चं पान तुझ्या चिठ्ठीवर उभं आहे. जकार्ताची फळवाली जांभळाला 'जांबू' म्हणाली, हे वाचून धन्य झालो. संकल्पात रोज 'जम्बुद्वीपे' म्हणतो, ते असं कामी येईल असं वाटलं नव्हतं. यातला एकही शब्द ऐकल्यावाचून घेतलेला नाही, असं प्रस्तावनेत छातीठोक लिहिलंय. मंडईतून जांभळं आणलीत. तुझ्या वाटणीची मीच खातो. काकू म्हणते, प्रकाशनाला जांभळी जीभ घेऊन जाऊ नका.

लोभ आहेच, तो वाढव.
दत्तप्रसादकाका

जकार्ता
२१ जून २०२४

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

काका, माझी चिठ्ठी खोटी आहे. मी बाजारात गेलेच नव्हते. ऑफिसात कामाचा डोंगर होता, तुमची दोन स्मरणपत्रं येऊन पडली होती. मोबाइलवर शब्द पाहिला आणि फळवाली दिली ठोकून. तुमच्या प्रस्तावनेचं वाचलं आणि राहवलं नाही.

परवा खरंच गेले. वाटलं, ऐकून आलं की खोटं खरं होईल. जांभळाचा फोटो दाखवून हेच जांबू का, असं विचारलं, तर फळवाली हसायलाच लागली. तिच्याकडे जांबू म्हणजे लाल, घंटेसारखं, पाणीदार फळ. पेरूलाही जांबूच म्हणतात. आपलं जांभूळ म्हणजे जांब्लांग!

नवी चिठ्ठी सोबत आहे. छपाई थांबवा. हवं तेवढं रागवा, पण अबोला धरू नका. काकूला शि. सा. न.

तुमची (अजून असेन तर)
शेफाली

शनिवार पेठ, पुणे
९ जुलै २०२४

चि. शेफालीस,
आशीर्वाद. (अनेक नाहीत, आज एकच.)

छपाई थांबवली. छापखान्याचे गोपाळकृष्ण म्हणाले, तीस वर्षं थांबलात, आणखी एक महिना काय जड आहे. तुझा राग आला, फार आला. जमत नव्हतं तर दोन ओळींत तसं कळवायचं. तुझ्या कंटाळ्यापायी माझं आयुष्यभराचं काम हास्यास्पद झालं असतं. दोन दिवस घरात तुझं नाव काढू दिलं नाही.

मग सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा तपासायला घेतल्या आणि 'नारंग'पाशी अडलो. मंडईत एक स्पॅनिश पाहुणा संत्र्याला 'नारान्हा' म्हणाला, अशी १९९४ची चिठ्ठी. अगं, असा पाहुणा मला कधी भेटलाच नाही. शब्द वाचनालयात सापडला होता आणि रिकामं पान बघवत नव्हतं. पुढे इतक्यांना सांगितलं, की त्या माणसाची टोपीसुद्धा मला आठवू लागली. अक्षर माझंच आहे.

तुझी नवी चिठ्ठी लावली. नारंगाचं पान काढलं, प्रस्तावनेतलं ते वाक्यही काढलं. काकूला मात्र अजून सांगितलेलं नाही. तो पाहुणा तिच्या फार आवडीचा, येईल त्याला ती त्याची गोष्ट सांगते. तू पहिल्याच ओळीत कबूल करून मोकळी झालीस. मी रोज तिच्यासमोर तोंड उघडतो आणि चहा मागतो.

ती पहिली ओळ कशी लिहिलीस, तेवढं उलटटपाली कळव. आजच्यापुरता लोभ मलाच हवा आहे.

तुझा
काका