सतरा नंबरची चिठ्ठी

१४ मार्च, शनिवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. वेळेवर जेव, ओले मोजे घालून झोपू नको आणि वरिष्ठांना उलटं बोलू नको. शेवटचं तुला जमायचं नाही, पण सांगणं माझं काम.

पार्सलातली मधाची बाटली फुटली, मोजे मधात न्हाले आणि तुमच्या तंबूतल्या पोरांनी मोज्यांना लागलेला मधही सोडला नाही, हे वाचून हसावं की रडावं कळेना. घाणेरडे कुठले! बॅटऱ्या आणि दाढीचा साबण तरी कोरडा राहिला ना? मोजे गरम पाण्यात भिजव, नुसते चोळत बसू नकोस. लाँड्रीत अकरा वर्षं उभी आहे मी, डागांमधलं मला विचार.

इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा अखेर बदलला. लाँड्रीच्या मालकीणबाईंनी मला इस्त्रीच्या विभागातून बढती दिली, म्हणजे आता इस्त्रीही करायची आणि हिशोबाची वहीही बघायची. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी बासरी शिकायला घेतलीय. ते काही शिकले नाहीत, आम्ही मात्र सहन करायला शिकलो.

आता तू विचारलेलं. तू लिहितोस, ‘ताई, आत सतरा नंबरची चिठ्ठी होती, पण मधाची बाटली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला खेटून होती. बाबा काच आणि पत्रा शेजारी ठेवतील? खरं काय ते सांग.’

यावर मी लिहिलं होतं की बाबा घाईत होते, ट्रकवाल्यांनी खोका आपटला असेल, तू उगाच पोलिसगिरी करू नकोस. दोन पानं झाली होती. फाडून टाकली. शेंबडा असल्यापासून ओळखतोस मला, तुला पटलं नसतंच.

ते पार्सल मी बांधलं होतं, बारक्या. चिठ्ठीही मीच टाकली. बाबांच्या जुन्या डगल्याच्या खिशात कारखान्याच्या चिठ्ठ्यांची गड्डी सापडली, त्यातली एक. खोक्यातला माल फुटला तर कोणाच्या हातचा फुटला ते कळावं, म्हणून तिथे प्रत्येक खोक्यात पॅकरचा नंबर टाकतात. बाबांनी ती सवय, आपल्या सतरा नंबरासकट, तुझ्या पार्सलांना लावली. तू भरती झालास तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं त्यांनी, तुला पोचवायलासुद्धा आले नाहीत. पत्राची एक ओळ कधी लिहिली नाही. पण दर महिन्याला सुट्टीच्या दिवशी जमिनीवर बैठक मारून खोका भरायचे, कमरेच्या उंचीवरून खाली सोडून बघायचे, कान लावून ऐकायचे आणि मग वर चिठ्ठी ठेवायचे. चिठ्ठी नसती तर तू पहिल्याच दिवशी विचारलं असतंस. मला वाटलं, चिठ्ठी टाकली की झालं. काच आणि पत्र्याचं मला कुठे ठाऊक! तीन वर्षं समोर बसून बघितलं आणि एवढं साधं दिसलं नाही.

नऊ जानेवारीला बाबांना कारखान्यात अर्धांगाचा झटका आला. पॅकिंगच्या टेबलाशीच कोसळले. सोबतच्यांनी हातगाडीवर घालून फाटकापर्यंत आणलं आणि तिथून दवाखान्यात नेलं. घाबरू नकोस, जिवावरचं टळलंय. उजवा हात गेलाय, उजवा पाय ओढत चालतात, तोंड जरा वाकडं झालंय. तीन आठवडे शब्द फुटत नव्हता, आता एकेक करून बोलतात. रोज सकाळी व्यायाम घ्यायला एक बाई येतात. बाबा त्यांना घाबरतात. जन्मात पहिल्यांदा त्यांना कोणाला घाबरताना पाहिलं.

तुला कळवलं नाही. का ते तुझ्याच डिसेंबरच्या पत्रात आहे. तुमच्या तुकडीतल्या ड्रायव्हरला घरून वाईट बातमी आली, मन थाऱ्यावर नव्हतं तरी गाडीवर बसला, गाडी खड्ड्यात गेली आणि त्याचा पाय गेला. तूही तसलीच गाडी चालवतोस. मी हिशेब केला, एप्रिलअखेर तू परत येणार, साडेतीन महिने काढायचे. एक आधीच आडवा झालाय, दुसरा तरी धड घरी येऊ दे. तिथे फोन लागत नाही याचं पहिल्यांदा बरं वाटलं.

एवढंच असतं तर तू चार शिव्या घातल्या असत्यास आणि विसरला असतास.

पण बाबांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो तुझ्या नावाचा. ‘बारक्या?’ म्हणून दाराकडे बघितलं. मी पटकन म्हणून गेले, ‘कळवलंय हो त्याला.’ त्यांना झोप लागावी म्हणून म्हटलं रे, दुसरं काही मनात नव्हतं. मग पंधरा दिवसांनी विचारलं, ‘रजा?’ एक खोटं लपवायला दहा बोलावी लागतात म्हणतात, मला दोनच सुचली. म्हटलं, ‘मिळत नाहीये म्हणतो.’ त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही. तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. नाही बोलले. भित्री आहे मी.

तेव्हापासून तुझी पत्रं मी वाचून दाखवते ती गाळून आणि भर घालून. तू फुटबॉलचं लिहितोस, थंडीचं लिहितोस. बाबा ऐकतात आणि थांबतात, आपल्या दुखण्याबद्दल काही येतंय का म्हणून. मग मीच घालते, ‘बाबांची काळजी घे, औषधं वेळेवर दे.’ तेवढ्यावर त्यांचा चेहरा खुलतो, अर्धाच खुलतो, पण खुलतो. अशा वेळी मला माझी इतकी लाज वाटते की उगीच उठून पाणी प्यायला जाते.

काल तुझं हे पत्र असंच वाचून दाखवलं. बाटलीचं गाळलं. नंतर मी ओट्याशी भांडी आदळत होते. राग माझाच मला आला होता. बाबांना वाटलं, मी तुझ्यावर चिडलेय. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीवर टकटक करून मला बोलावलं. बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणाले, ‘त्याच्यावर... रागावू नको. कामात... असेल पोर. मीपण कुठे... पोचवायला गेलो.’

बारक्या, माझ्या बापाने तुझी बाजू घेतली रे, तू न केलेल्या गुन्ह्यासाठी! त्यांना वाटतंय की तुला सगळं माहीत आहे, तरी तू आला नाहीस, आणि ते त्यांनी स्वतःच्या चुकीची शिक्षा म्हणून मुकाट्याने पोटात घातलंय. रात्रभर मला झोप नाही. तुझा जीव सांभाळायला गेले आणि त्यांचा मुलगा त्यांच्यापासून काढून घेतला. यापेक्षा तुला जानेवारीतच कळवलं असतं तर बरं होतं. चुकलं माझं, फार चुकलं.

रजेचा अर्ज कर. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडलाय, वर शिक्का आहे. मिळेल त्या दिवशी निघ. आणि हात जोडून सांगते, हे वाचशील त्या दिवशी गाडीला हात लावू नकोस, दुसऱ्या कोणाला तरी बसव.

हे पत्र आधी पेटीत टाकते आणि मग घरी जाऊन बाबांना खरं सांगते. आधी त्यांना सांगायला गेले, तर दारातच माझी हिंमत संपेल. पत्र एकदा पेटीत पडलं की मागे येत नाही. ते रागावतील, रागावू देत. आलास की माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. आधी त्यांच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग की तुला माहीत नव्हतं. माझ्या तोंडचं आता त्यांनी खरं का मानावं?

दोघांशीही खोटं बोललेली,
तुझीच
ताई