सुगरणीला धोका नाही

शुक्रवार, पोळा तोंडावर. कारंजा, ढाब्यामागची खोली.

मालकाने सकाळी शर्त घातली. ढाब्याच्या दारात लटकवायला मागच्या विहिरीवरच्या बाभळीला लटकलेले सुगरणीचे खोपे काढून दे, मग पोळ्याला समुद्रपूरला घरी जा. मले वाटलं, सोपं आहे. दुपारी चढलो. पहिलाच खोपा हातात धरला तर गरम लागला. आत पिल्लं होती. तसाच सोडून उतरलो.

मालकाला म्हटलं, "भाऊ, पिल्लं आहेत. उडून गेले की सारे काढून देतो."

जेवायला बसलेल्या एका गिऱ्हाइकाने मोबाइलात पाहून सांगितलं, "सुगरण काही धोक्यात नाही. भरपूर आहेत जगात."

मालक हसला. "ऐकलं काय बे? त्याइले धोका नाई. मंग तू काऊन भेऊन राह्यला?"

आमच्या गावच्या विहिरीवर आता एकही खोपा दिसत नाही. ते कोणत्या मोबाइलात लिहिलं असेल? मालक म्हणाला, खोपे नाही तर सुट्टी नाही.

समोर हायवे. सारे ट्रक कुठं ना कुठं जाऊन राह्यले, मीच तंदुरापाशी. उद्या चढू का परत? हाताला अजून ती ऊब आहे. नाही होत माझ्यानं.

आता मायचा फोन आला. "कधी येतं रे बाबू? बरा आहेस ना?"

म्हटलं, "यंदा जमत नाई माय. काळजी नको करू. मले काई धोका नाई."