गव्हातून गेलेली वाट

हे लिहायला इतका उशीर केला, त्याबद्दल मुलगी माधुरी, मुलगा चेतन आणि आमच्या गावच्या बौद्धवस्तीतील मंडळी यांची आधी माफी मागतो. गहू पेरायच्या आत हे व्हायला पाहिजे होते.

मी, रंगनाथ गेणू ढोकणे, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वी कालव्यावर पाटकरी, शिक्षण सातवी नापास, राहणार मौजे बोरखडी, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येते), लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. रक्तदाब आहे, पण त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही असे वकील म्हणाले. मी दोनदा विचारून घेतले. कुणी दम दिलेला नाही, कुणी पाजलेली नाही.

१. राहते घर चेतनला. मात्र खाली कलम ३ मध्ये सांगितलेली सही त्याने केली तरच. नाही केली तर घर माधुरीचे. तो म्हणेल, दादांनी मला कोंडीत पकडले. म्हणू द्या. माझी विधवा बहीण साळूबाई चुलीजवळच्या खोलीत मरेपर्यंत राहील. तिला कुणी ऊठ म्हणायचे नाही. बँकेतली ठेव तिच्या औषधपाण्याला.

२. फावडे आणि टिकाव वस्तीवरच्या सहादेवला. लोखंडी पहार माझा चुलतभाऊ आप्पासाहेब याला परत. याच पहारीने त्याने आमच्या बांधावरचा दगड हलवला होता. दगड आता आहे तिथे राहू द्या, पण पहार त्याच्या दारात आवाज होईल अशी टाका.

३. ओढ्याकडचे शेत. हे माझी मयत पत्नी भामाबाई हिच्या नावचे. तिच्यामागे माझे, चेतनचे आणि माधुरीचे नाव लागले. शेताच्या वर बौद्धवस्ती, खाली ओढ्याकाठी त्यांचे स्मशान. मध्ये वाट नाही. त्यांच्यातले माणूस गेले की लांबून, ओढ्याच्या पाण्यातून न्यावे लागते. भामाबाई म्हणायची, वाट देऊन टाकू. कागद राहून गेला.

माधुरी विद्यापीठात सार्वजनिक धोरण शिकवते. सरकारने ठरवलेले कुणाच्या दारापर्यंत येते आणि कुणाच्या दारावरून पुढे निघून जाते, हे तो विषय सांगतो, असे तिने मला समजावले होते. सामाजिक समतेवर तिचे संशोधन आहे. स्मशानात जायला कुणाला वाट आहे आणि कुणाला नाही, हे ती गावोगाव विचारत फिरते. आप्पासाहेब तिला पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईसाहेब, जित्या माणसांचं काय धोरण हाय का न्हाई?"

ती म्हणाली, "काका, मेल्यावरबी ज्याला वाट मागावी लागती, त्याला जितेपणी काय काय मागावं लागत असंल? तेच शिकवते मी."

गेल्या डिसेंबरात तिने विद्यार्थी आणले. वाचून कळत नाही, खांद्याला कळते, असे म्हणून तिने बांबूची तिरडी बांधून घेतली. ती आधी ओढ्यातून नेली, मग आमच्या शेतातून, वस्तीपासून थेट खाली. गहू नुकता उगवला होता. पुढचा खांदा तिचा स्वतःचा. साळूबाई बांधावरून ओरडली, "माधे, रिकामी तिरडी चालवू नगं! चालली की तिला माणूस लागतंय!"

माधुरी हसली. "आत्या, मग दप्तरं ठेवते तिच्यावर." खरेच ठेवली. पोरेही हसली. मीही हसलो.

संक्रांतीनंतर एका सकाळी गव्हात पट्टा पडलेला दिसला. वस्तीकडून ओढ्याकडे, चार माणसे खांदा देऊन जातील एवढा रुंद. गहू मोडलेला नव्हता, नुसता झोपलेला, सगळ्या पात्यांची टोके ओढ्याकडे. रात्री दव पडले होते, पण माती कोरडी, आणि पाऊल एकही नाही. दुसऱ्या दिवशी सहादेवची आई छबूबाई गेली. गहू आपोआप उभा राहिला. पुढे पुन्हा तसाच पट्टा पडला, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीवरचा श्रीमंत नावाचा गडी गेला. तो तर धडधाकट होता.

सहादेवला मी शेतात नेऊन दाखवले. तो म्हणाला, "दादा, आमी असलं काय मानत न्हाई. रानडुकरं आसतील." मग बराच वेळ खाली बसून बघत राहिला. उठताना म्हणाला, "डुकरं एवढी सरळ चालत न्हाईत." पट्ट्यावर मात्र त्याने पाय दिला नाही, बांधाने घरी गेला.

साळूबाईचे म्हणणे एकच. खोटी वाट चालवली, ती खरी करा म्हणजे थांबेल. म्हणून माझ्या हिश्श्यातून वस्तीपासून स्मशानापर्यंत बैलगाडी जाईल एवढी वाट मी सगळ्या गावासाठी कायमची देतो. चेतन आणि माधुरीने आपल्या हिश्श्याच्या सह्या कराव्यात. चेतन फोनवर म्हणाला, "दादा, गव्हाला घाबरून कुणी जमीन देतं का?" तू पुण्यात बसून बोल. इथे येऊन उभा राहा.

४. या सोमवारी सकाळी पट्टा पडला, तो वस्तीकडून आला नव्हता. तो आमच्या दारातून निघाला होता. अंगणातले गवत झोपलेले, तिथून बांध ओलांडून गव्हात आणि खाली ओढ्याकडे. मी समजलो. आंघोळ केली, धुतलेले धोतर नेसलो, वकिलांना निरोप धाडला. माझे प्रेत त्याच वाटेने न्यावे आणि ओढ्याकाठच्या स्मशानातच जाळावे. भावकीने नाक मुरडले तर मुरडू द्या.

हे मी वाचून, समजून सही करत आहे. सहादेवची साक्ष घेणार होतो, पण ज्यांना यात काही मिळते त्यांनी साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले.

सही: रंगनाथ गेणू ढोकणे
साक्षीदार: १. ज्ञानेश्वर विठोबा कर्डिले, निवृत्त शिक्षक २. भीमा सखाराम गायके, किराणा दुकानदार
मुक्काम बोरखडी, गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

साक्षीदार गेल्यावर हे खाली लिहीत आहे. वकील रागावले तर रागावोत.

माधुरी, दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी माणूस गेले. आज गुरुवार आहे. मी बसून लिहितो आहे. साळूबाई चुलीपुढे खोकते आहे. चेतनचा सकाळीच फोन आला, माझ्यावर ओरडला, म्हणजे बरा आहे. अंगणातला पट्टा अजून उठलेला नाही.

या दारातले माणूस आता तूच राहिलीस. तू रविवारी पोरांना घेऊन जामखेडकडे गेलीस. विद्यापीठात विचारले तर म्हणतात, मॅडम फील्डवर आहेत, तिकडे रेंज नसते. मोबाईल बंद लागतो.

सहीचे नंतर बघू. कुणाच्याही फोनवरून बोल, टेम्पोवाल्याच्या हाती चिठ्ठी दे, पण लवकर कळव. मी दारातच बसलो आहे.